नायलॉनच्या तारा आणि मायक्रोफोन : क्लासिकल गिटारच्या ध्वनिवर्धनाचा आढावा

प्रश्नाची चौकट

नायलॉनच्या सहा तारांची, नखांनी छेडली जाणारी आणि विजेच्या मदतीवाचून वाजणारी स्पॅनिश घडणीची गिटार, जिला क्लासिकल गिटार म्हणतात, ती मोठ्या श्रोतृवर्गापुढे कोणत्या मायक्रोफोनने ऐकवावी, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा वाटतो आणि बहुतेक वेळा तो तसाच विचारलाही जातो. प्रत्यक्षात त्यात तीन प्रश्न गुंतलेले असतात : वाद्याचा मूळ नाद किती राखायचा, तो किती वाढवायचा, आणि जिथे कार्यक्रम व्हायचा ती जागा या दोन्ही गोष्टींना कितपत वाव देते. या तिन्हींची उत्तरे एकाच दिशेने जात नाहीत, म्हणूनच वादक, ध्वनियोजक आणि श्रोते यांच्यात या विषयावर मतभेद आहेत.

गोव्यात हे मतभेद विशेष ठळकपणे दिसतात, कारण थोड्याशा अंतरात परस्परविरोधी गुणधर्मांच्या जागा इथे एकवटल्या आहेत. डिचोली तालुक्यातील मयेहून निघाले की नार्वे ते दिवाडी आणि दिवाडी ते जुने गोवे अशा दोन फेरीबोटींनी चर्चांच्या उंच छतांखाली पोहोचता येते. दुसऱ्या बाजूस साखळीचे रवींद्र भवन आहे, आणि मये-नार्वे परिसरातच देवळांचे तिन्ही बाजूंनी मोकळे सभामंडप आहेत. एका जागेत उत्तम ठरलेला मायक्रोफोन दुसऱ्या जागेत निरुपयोगी ठरतो, याचा पडताळा घ्यायला यापेक्षा दूर जाण्याची गरज नाही.

पूर्वपीठिका

आजच्या क्लासिकल गिटारचा आकार एकोणिसाव्या शतकात आन्तोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराच्या हातून स्थिरावला. त्या काळी तारा जनावरांच्या आतड्याच्या, म्हणजे तातीच्या असत, आणि वाद्य दिवाणखान्यात ऐकले जाई. विसाव्या शतकात आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांनी ते मोठ्या सभागृहांत नेले. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या तारा रूढ झाल्या, पण त्यांनी टिकाऊपणा आणि सुरेलपणा वाढवला तरी आवाजाची मूळ मर्यादा ओलांडली नाही. सेगोव्हियांनी मायक्रोफोनला शेवटपर्यंत नकार दिला. श्रोत्यांनीच शांत बसून वाद्याकडे कान लावावा, ही त्यांची अपेक्षा होती आणि त्यांच्या नावाच्या दबदब्यामुळे ती पुरीही होत असे.

गिटार वाद्यवृंदासमोर आली तेव्हा ही भूमिका अवघड झाली. होआकिन रोद्रिगो यांचा ‘कोन्सिएर्तो दे आरांहुएस’ १९३९ मध्ये लिहून झाला आणि १९४० मध्ये बार्सिलोनात प्रथम वाजवला गेला. त्यात गिटार बुडू नये म्हणून वाद्यवृंदाची वीण मुद्दाम विरळ ठेवलेली आहे, आणि तरीही आज ही रचना बहुतेक ठिकाणी ध्वनिवर्धनासह सादर होते. सेगोव्हियांच्या पुढच्या पिढीतील जॉन विल्यम्स यांनी मोठ्या सभागृहांत ध्वनिवर्धनाचा उघड स्वीकार केला. त्याच विल्यम्स यांनी ऑस्ट्रेलियाचे कारागीर ग्रेग स्मॉलमन यांच्या, आतून जाळीदार आधार दिलेल्या आणि अधिक मोठा आवाज देणाऱ्या गिटारी जगापुढे आणल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : वाद्य बदलणे आणि मायक्रोफोन लावणे हे दोन उपाय एकाच वादकाने एकाच वेळी हाताळले.

गोव्यात गिटार दोन वाटांनी रुजली. एक वाट घरगुती आणि लोकसंगीताची आहे : मांडो या गोव्यातील गायनप्रकारात व्हायोलिन व घुमट हे मातीचे चर्मवाद्य यांच्या सोबत गिटार असते, आणि फादो या पोर्तुगीज गायनप्रकारात बारा धातूच्या तारांच्या पोर्तुगीज गिटारच्या जोडीला ‘व्हियोला’ म्हणून ओळखली जाणारी, क्लासिकल घडणीचीच गिटार आधारस्वर देते. दुसरी वाट शिक्षणाची. १९५२ मध्ये आन्तोनियो द फिगरेदो यांनी स्थापलेली ‘आकादेमिया द म्युझिका’ आणि पुढे १९७० मध्ये स्थापन झालेली कला अकादमी यांच्यामुळे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या शिक्षणाला संस्थात्मक घर मिळाले. डिचोली-पेडणे पट्ट्यातील ध्वनियोजना मात्र नाटक, दशावतार, भजन आणि घुमट आरती यांच्या गरजेतून घडली आहे. तिथल्या साउंडवाल्याच्या पेटीत असतात ते माईक मुख्यतः तोंडाजवळ धरून गाण्या-बोलण्यासाठी केलेले, आणि क्लासिकल गिटारवादक रंगमंचावर बसतो तेव्हा बहुधा त्यांपैकीच एक त्याच्यापुढे उभा केला जातो.

आवाजाचे गणित

मूळ अडचण समजण्यासाठी थोडा हिशेब आवश्यक आहे. उघड्या जागेत ध्वनीच्या स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने घटते. गिटारचा एखादा बऱ्यापैकी जोरकस उतारा एक मीटरवर ७० डेसिबल भरतो असे धरले, तर तो २ मीटरवर ६४, ४ मीटरवर ५८, ८ मीटरवर ५२ आणि १६ मीटरवर ४६ डेसिबल उरतो. सभामंडपातले छताचे पंखे, बाहेरचा जनरेटर, पावसाळा असेल तर कौलांवरचा किंवा पत्र्यावरचा पाऊस यांची मिळून पातळी ५० डेसिबलच्या आसपास सहज जाते, तेव्हा मागच्या रांगांतल्या श्रोत्यांना तारांची हालचाल दिसते आणि नाद ऐकू येत नाही. बंद सभागृहात भिंतींकडून परतणारा ध्वनी ही घट थोडी भरून काढतो. उघड्यावर तीही सोय नसते.

ध्वनिवर्धन सुरू केले की दुसरी अडचण उभी राहते ती फीडबॅकची, म्हणजे बोलीभाषेतल्या माईकच्या शिट्टीची. ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, वाढून पुन्हा बाहेर पडतो, आणि या फेऱ्यात एखादी कंप्रता दर वेळी वाढतच गेली की ती शिट्टीच्या किंवा घुमण्याच्या रूपाने ऐकू येते. गिटारच्या बाबतीत यात एक खास गुंता आहे. तिच्या पोटातील हवा साधारण ९० ते ११० हर्ट्झच्या दरम्यान आणि वरची पातळ फळी, जिला सतारीच्या परिभाषेत तबली म्हणतात, ती साधारण १८० ते २२० हर्ट्झच्या दरम्यान आपणहून घुमते. ध्वनिवर्धकाचा आवाज तबलीवर आदळला की ती फळी स्वतःच मायक्रोफोनसारखी कंप पावते, आणि मग शिट्टीऐवजी खर्जातला एक हट्टी हुंकार सुरू होतो. गवयाचा माईक शांत असताना गिटारचा माईक का घुमतो, याचे उत्तर बहुतेक वेळा मायक्रोफोनमध्ये नसून वाद्याच्या पोटात असते.

चार भूमिका

पहिली भूमिका ध्वनिवर्धन नाकारणाऱ्यांची. क्लासिकल गिटारचा रस स्वररंगाच्या बारीक भेदांत आहे. उजवा हात ब्रिजकडे, म्हणजे तारा तबलीवर जिथे टेकतात त्या पट्टीकडे, सरकला की धातूसारखा कोरडा आणि गळ्याकडे सरकला की मऊ, असा जो फरक वादक क्षणाक्षणाला करतो तो कोणत्याही यंत्रातून जाताना सपाट होतो, असे या मताचे म्हणणे आहे. त्यांचा उपाय म्हणजे छोटी जागा, शांत श्रोते आणि अधिक बोलके वाद्य. जाळीदार आधाराच्या गिटारींप्रमाणेच दोन पातळ फळ्यांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा हलका थर घालून केलेल्या दुहेरी तबलीच्या गिटारी याच गरजेतून आल्या. या भूमिकेतील सौंदर्यदृष्टी निर्विवाद आहे, मात्र तिच्या जोरावर गावच्या उत्सवात चारशे माणसांपुढे कार्यक्रम करता येत नाही.

दुसरी भूमिका स्टँडवरच्या कंडेन्सर मायक्रोफोनची. कंडेन्सर म्हणजे विद्युतभारित पातळ पडदा आणि त्यामागची पट्टी यांच्यातील अंतर ध्वनीने बदलते त्यावर चालणारा मायक्रोफोन; त्याला बहुधा मिक्सरकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, ज्याला ‘फँटम पॉवर’ म्हणतात. नॉयमन कंपनीचा केएम १८४, श्यूरचा एसएम ८१ आणि त्या वर्गातले छोट्या पडद्याचे मायक्रोफोन या पक्षाचे आवडते. याउलट डायनॅमिक मायक्रोफोन, म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीवर चालणारा, दणकट आणि स्वस्त असतो. १९६५ पासून चालत आलेला एसएम ५७ हा त्याचा सर्वपरिचित नमुना.

या दोहोंसंबंधी ध्वनियोजकांत एक समज घट्ट बसला आहे आणि तो थोडा थांबून तपासणे इष्ट आहे : कंडेन्सर अधिक संवेदनशील असतो, म्हणून तो लवकर शिट्टी मारतो, तेव्हा उघड्यावर तो नकोच. संवेदनशीलतेचा फरक खराच मोठा आहे. तेवढ्याच ध्वनिदाबाला केएम १८४ सुमारे १५ मिलिव्होल्ट देतो तर एसएम ५७ दीडाच्या थोडे वर, म्हणजे तफावत १९ डेसिबलच्या आसपास. पण फीडबॅक ठरतो तो संपूर्ण फेऱ्याच्या वाढीवर. संवेदनशील मायक्रोफोनसाठी मिक्सरवरचा ‘गेन’ तेवढाच खाली येतो, आणि श्रोत्याला ऐकू येणारी पातळी सारखी ठेवली तर दोघांच्या शिट्टीच्या सीमेत या कारणाने फरक पडत नाही. फरक पडतो तो मायक्रोफोनच्या दिशाग्रहणामुळे, त्याच्या प्रतिसादातील उंचवट्यांमुळे आणि अंतरामुळे. समज पसरण्याचे कारणही समजण्यासारखे आहे : डायनॅमिक माईक तोंडाला चिकटवून वापरला जातो आणि कंडेन्सर वाद्यापासून दोन-तीन हात दूर ठेवला जातो, तेव्हा दोष अंतराचा असून तो जातीच्या माथी मारला जातो.

अंतराबाबत या पक्षातच दोन मते आहेत. गिटारचा नाद एकाच बिंदूतून निघत नाही. खर्ज गोल भोकातून, मध्यसप्तकाचा बराचसा भाग तबलीतून, नखांचा टणत्कार तारांजवळून येतो, आणि हे सर्व एकजीव होण्यासाठी मायक्रोफोन किमान हातभर दूर असावा, असे ध्वनिमुद्रणाच्या परंपरेतून आलेले मत सांगते. रंगमंचाचा अनुभव असलेले मत वेगळे आहे : ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आल्याने हिशेबाने १२ डेसिबलची मोकळीक मिळते, आणि तिच्यापुढे नादाचा थोडा असमतोल सोसण्याजोगा ठरतो. व्यवहारात जी तडजोड सर्वाधिक दिसते ती अशी : वाद्याच्या उंचीवर, गळा जिथे पोटाला मिळतो त्या बाराव्या पडद्याच्या आसपास, २० ते ३० सेंटिमीटरवर मायक्रोफोन ठेवून त्याचे तोंड किंचित ब्रिजकडे वळवणे. थेट भोकासमोर ठेवला तर पोटातल्या हवेचा हुंकार आत शिरतो, आणि जवळून वापरलेला दिशाग्राही मायक्रोफोन खर्ज आणखी फुगवतो, त्यामुळे दुहेरी नुकसान होते. ब्रिजच्या फार जवळ गेले की नाद पातळ होतो आणि नखाचा प्रत्येक ओरखडा ऐकू येतो. या स्थितीत वादकावर एक बंधन येते, त्याला हलता येत नाही. पायाखाली ‘फूटस्टूल’ घेऊन बसणाऱ्या वादकाला ते जड जात नाही, पण फादोच्या साथीला उभा राहणारा वादक ते पाळू शकत नाही.

तिसरी भूमिका वाद्यालाच चिमट्याने अडकवण्याच्या छोट्या मायक्रोफोनची. डीपीए या डॅनिश कंपनीचा ४०९९ हा यातला प्रातिनिधिक. वाकणाऱ्या दांडीवरचा हा इवलासा कंडेन्सर तारांपासून काही सेंटिमीटरवर राहतो, वादक हलला तरी अंतर बदलत नाही, आणि त्याचे दिशाग्रहण ‘सुपरकार्डिऑइड’ म्हणजे समोरच्या अरुंद पट्ट्याला अनुकूल असते. अशा मायक्रोफोनची सर्वांत बहिरी जागा बरोबर पाठीमागे नसून तिरकस मागे, सुमारे १२५ अंशांवर असते. वादकाला स्वतःचे ऐकू यावे म्हणून ठेवलेला ‘मॉनिटर’ ध्वनिवर्धक त्या कोनात बसवला तर बराच फायदा होतो आणि सवयीने सरळ मागे ठेवला तर तो वाया जातो. आक्षेप दोन आहेत. एक नादाचा : इतक्या जवळून वाद्याचा एकच तुकडा ऐकू येतो. दुसरा वाद्याच्या काळजीचा : उत्तम गिटारींवर लाखेचे पातळ पॉलिश असते, ते उष्णतेने आणि घामाने मऊ पडते, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तासभर दाबून बसलेल्या रबरी चिमट्याचा ठसा त्यावर उमटू शकतो. हे कारण बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल, पण काही लाखांचे वाद्य बाळगणाऱ्यासाठी निर्णय बऱ्याचदा तिथेच होतो.

चौथी भूमिका मायक्रोफोनला बगल देणारी. धातूच्या तारांना चुंबकीय पिकअप चालतो. नायलॉनला चुंबक ओळखतच नाही. म्हणून इथे पिझो पिकअप, म्हणजे दाब पडला की विद्युतदाब निर्माण करणारी पट्टी, ब्रिजवरच्या हाडाखाली बसवतात. त्याला एक मेगाओहम किंवा त्याहून अधिक रोध असलेला प्रवेश लागतो. साध्या मिक्सरला तो थेट जोडला की खर्ज गळून आवाज किरकिरा होतो, आणि पिझोविषयीची अर्धी नाराजी या चुकीच्या जोडणीतूनच निघालेली असते. उरलेली अर्धी खरी आहे : जोरात छेडले की त्यातून रबरासारखा, तुटक नाद येतो, कारण तो तबली आणि हवा यांना वगळून ब्रिजवरचा दाबच तेवढा ऐकतो. ढोल-ताशांच्या शेजारीही तो निभावतो, ही त्याची जमेची बाजू. दोन्हींचा मेळ घालणारी मिश्र पद्धत, म्हणजे खर्ज पिझोकडून आणि वरचा भाग मायक्रोफोनकडून घेणे, आज अनेक वादक वापरतात. मात्र दोन वाटांनी आलेला तोच नाद क्षणमात्र मागेपुढे झाला की काही कंप्रता एकमेकींना खोडून काढतात, आणि ते सावरायला जाणता ध्वनियोजक लागतो.

जागेचा वाटा

या चारही भूमिका मांडणारे एकमेकांशी बोलताना बहुधा वेगवेगळ्या जागांचा विचार करत असतात, असे दिसते. जुन्या गोव्यातील मोंत टेकडीवरच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, आणि त्याच्या अंगणात फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या पुढाकाराने मोंते संगीत महोत्सव भरत आला आहे. चिऱ्याच्या, चुन्याने गिलावा केलेल्या भिंती आणि वरची कमान यांमुळे अशा कपेलाच्या आत नाद रेंगाळतो. तिथे गिटारला मायक्रोफोनची फारशी गरज नसते, आणि लावलाच तर ध्वनिवर्धकाचा आवाज भिंतींवर पसरून सुरांचा चिखल होतो. तोच वादक अंगणात बसला की खाडीवरचा वारा मायक्रोफोनच्या पडद्यावर थेट थापा मारतो, तेव्हा फोमचे टोपण अपरिहार्य होते आणि खालच्या कंप्रता मिक्सरवर कापाव्या लागतात.

सभामंडपाची गोष्ट आणखी निराळी. गुळगुळीत फरशी, कठीण खांब आणि तीन बाजू मोकळ्या अशा जागेत नाद रेंगाळत नाही, पण फरशीवरून उसळून येतो. खांबांना उंच बांधलेले कर्णे बोलण्यासाठी केलेले असतात आणि गिटारचा खर्ज त्यांतून बाहेरच पडत नाही. अशा ठिकाणी महागडा मायक्रोफोन आणून काही साधत नाही. वादकाच्या मागे किंवा बाजूला एक लहान स्तंभाकार ध्वनिवर्धक ठेवून आवाज बेताचाच वाढवला, तर नाद वाद्याकडूनच येतो आहे असे श्रोत्याला वाटते. कानाला जो ध्वनी आधी पोहोचतो त्याच्या दिशेवरच मन विश्वास ठेवते. वाद्याचा ध्वनी काही मिलिसेकंद आधी पोहोचला की मागून आलेला मोठा आवाजही त्याच्याच नावावर जमा होतो. हेल्मुट हास यांच्या संशोधनामुळे १९४०च्या दशकाअखेरपासून हे ज्ञात आहे. मायक्रोफोनवरच्या चर्चेत ध्वनिवर्धकाच्या जागेला मिळणारे स्थान मात्र अगदीच तुटपुंजे आहे, आणि हा त्या चर्चेचा दोष म्हणावा लागेल.

पणजीच्या कला अकादमीतील दीनानाथ मंगेशकर कला मंदिरासारख्या, चार्ल्स कोरिया यांनी रेखलेल्या आणि १९८३ पासून वापरात आलेल्या वास्तूत प्रश्न खुद्द सभागृहाच्या ध्वनिगुणांचा होतो. नूतनीकरणानंतर २०२३ च्या अखेरीस ती खुली झाल्यावर तिथल्या ध्वनिगुणांविषयी कलावंतांनी तक्रारी केल्या आणि सरकारने त्यासाठी कृतिदल नेमले. त्या वादात न शिरताही एवढे नोंदवता येते की सभागृहाच्या ध्वनिगुणांवर लोकांमध्ये इतकी चर्चा होणे ही भारतात विरळ घटना आहे.

हवामानाचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. पावसाळ्यातील दमटपणाने साध्या कंडेन्सरमध्ये विद्युतभार गळून तडतड सुरू होते. उच्च कंप्रतेच्या मंडलावर चालणारे, सेनहायजरच्या एमकेएच मालिकेसारखे मायक्रोफोन याला सहसा दाद देत नाहीत, पण त्यांची किंमत गावच्या मंडळाच्या आवाक्यापलीकडची आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून मायक्रोफोन ठेवणे एवढा उपाय सर्वांना परवडतो. कायद्याची चौकटही आहे : २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त सभागृहाबाहेर ध्वनिवर्धकाला मनाई असून, सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून फार तर १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. अनेक कार्यक्रमांच्या यादीत गिटारवादनाची पाळी उशिरा लागते आणि घाईत ध्वनितपासणीच वगळली जाते, हा त्या नियमाचा अनपेक्षित परिणाम.

न सुटलेले प्रश्न

पहिला न सुटलेला प्रश्न कसोटीचा आहे. स्टँडवरचा मायक्रोफोन, चिमट्याचा मायक्रोफोन आणि पिझो यांची तुलना बहुधा ध्वनिमुद्रण ऐकून केली जाते. ध्वनिमुद्रणात फीडबॅक नसतो, पंखे नसतात, शेजारची वाद्ये नसतात, त्यामुळे तिथे जिंकलेला मायक्रोफोन रंगमंचावरही जिंकेल याची खात्री देता येत नाही. दुसरा प्रश्न नव्या तंत्राचा : एखाद्या गिटारचा मायक्रोफोनमधून ऐकू येणारा नाद आधी मोजून, त्याची गणिती प्रतिमा पिझोच्या आवाजावर चढवण्याची सोय आता छोट्या पेट्यांत मिळते. तिने रबरी नाद बऱ्यापैकी झाकला जातो हे तिचे टीकाकारही मान्य करतात; पण हाताच्या जागेनुसार बदलणारा स्वररंग एका स्थिर प्रतिमेत कितपत मावतो, यावर एकमत झालेले नाही. तिसरा प्रश्न सौंदर्यदृष्टीचा आहे. ध्वनिवर्धित गिटार ऐकतच मोठ्या झालेल्या श्रोत्याला मूळ वाद्य फिके वाटू लागते, आणि मग ‘नैसर्गिक नाद’ कशाला म्हणायचे हेच डळमळते.

गोव्यापुरता सर्वांत अवघड प्रश्न मांडोच्या बैठकीतला आहे. २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झालेले घुमट, ज्यावर घोरपडीच्या चामड्याऐवजी आता बकऱ्याचे चामडे ताणले जाते, ते मातीच्या पोटातून जो खर्ज काढते तो गिटारच्या पोटातल्या हवेच्या पट्ट्याला खेटून असतो. गिटारसमोर ठेवलेला कंडेन्सर घुमटाची थाप गिटारपेक्षा मोठ्याने ऐकतो. ती टाळण्यासाठी खालच्या कंप्रता कापल्या तर गिटारचा आधारस्वर जातो. चिमट्याचा मायक्रोफोन थोडी सुटका करतो आणि पिझो पुरी सुटका करतो, पण मग व्हायोलिन मोकळ्या हवेतले आणि गिटार तारेतून आलेली, असे दोन नाद शेजारी बसतात. काही मंडळे गिटारवादकाला घुमटापासून चार-पाच हात दूर, व्हायोलिनच्या पलीकडे बसवतात आणि तिघांसाठी मिळून एकच मायक्रोफोन मध्ये ठेवतात. त्यात एकूण आवाज कमी मिळतो, परंतु उघड्या मायक्रोफोनांची संख्या तिनावरून एकावर आली की सुमारे ५ डेसिबलची मोकळीक हाती येते आणि वाद्यांचा आपसांतला तोल वादकांच्याच हातात राहतो. ही मांडणी शे-दीडशे श्रोत्यांपर्यंत पुरते. त्यापुढच्या गर्दीसाठी ध्वनियोजकांना सर्वमान्य तोड अद्याप सापडलेली नाही.